हादऱ्याला गुण किती?

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. एक आहे पॉप गायिका. दुसरा आहे मध्यम ताकदीचा भूकंप. आणि तिसरी आहे एका टेबलाभोवती जमलेली मंडळी : हातात काठी घेतलेला जादूगार, चिलखत घातलेला योद्धा, कुलपं उघडण्यात पटाईत असलेला चोर आणि जेमतेम कमरेएवढ्या उंचीचा एक चपळ बुटका. सांगा पाहू, या तिघांचं एकमेकांशी नातं काय?

नाही ना सुचत? एक नातं आहे गावाचं. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात वॉशिंग्टन नावाचं राज्य आहे. (अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन, ती निराळी. ती पार दुसऱ्या टोकाला!) या राज्यात सिएटल नावाचं मोठं बंदर आहे. आपली तिन्ही पात्रं तिथे किंवा तिथल्या अगदी शेजारच्या गावात भेटतात. दुसरं नातं आहे आकड्यांचं. गायिकेच्या कार्यक्रमाला आकडा मिळाला, भूकंपाला मिळाला आणि त्या जादूगाराला तर एक सोडून सहा आकडे मिळाले. आकडे म्हटले की तुमच्या पोटात गोळा येतो, ठाऊक आहे मला. पण घाबरू नका, आज तुमचं प्रगतिपुस्तक कोणी मागणार नाही!

नाचणाऱ्यांनी हलवली जमीन

२०२३ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. २२ आणि २३ तारखेला टेलर स्विफ्ट या गायिकेचे सिएटलच्या लुमेन फील्ड स्टेडियममध्ये दोन कार्यक्रम झाले. प्रत्येक रात्री सत्तर हजारांहून जास्त श्रोते जमले होते. आता इतकी माणसं एका तालावर उड्या मारू लागली, तर काय होईल?

स्टेडियमच्या जवळच एक भूकंपमापक यंत्र बसवलेलं आहे. ते बिचारं आपलं काम चोवीस तास इमानेइतबारे करत असतं. हादरा भूकंपाचा आहे, मालगाडीचा आहे की नाचणाऱ्यांचा, हे काही त्याला कळत नाही. जमीन हलली की नोंद करायची, एवढंच त्याला माहीत. त्या दोन रात्री त्याने भरभरून नोंदी केल्या. जॅकी कॅप्लन-ऑरबाख या भूकंपशास्त्रज्ञ बाईंनी त्या तपासल्या आणि सांगितलं, की सर्वांत जोराचा हादरा २.३ ताकदीच्या भूकंपात बसेल तेवढा होता. झालं! वर्तमानपत्रांनी त्याचं 'स्विफ्ट क्वेक' असं बारसंही करून टाकलं. क्वेक म्हणजे भूकंप.

याच मैदानावर जानेवारी २०११ मध्ये मार्शॉन लिंच या फुटबॉलपटूने (हा अमेरिकी फुटबॉल बरं का, यात चेंडू हातात घेऊन पळतात) प्रतिस्पर्ध्यांना चुकवत, ढकलत लांबलचक धाव घेतली होती. तेव्हा प्रेक्षकांनी असा काही जल्लोष केला, की यंत्राने २.० च्या भूकंपाइतका हादरा नोंदवला. २.० आणि २.३. फरक ०.३ चा, म्हणजे अगदीच किरकोळ वाटतो ना? पण जमिनीचं हलणं मात्र सुमारे दुप्पट! हे कसं, ते पुढे पाहू.

कॅप्लन-ऑरबाख बाईंना आणखी एक गंमत दिसली. दोन्ही रात्रींच्या नोंदींचे आलेख त्यांनी एकावर एक ठेवले, तर ते जुळेनात. दुसऱ्या रात्रीचा आलेख सुमारे २६ मिनिटं सरकवला आणि काय आश्चर्य, बहुतेक खाचाखोचा तंतोतंत जुळल्या! दुसऱ्या दिवशी कार्यक्रमच उशिरा सुरू झाला होता. गाणी तीच, त्यांचा क्रम जवळपास तोच, म्हणून जमिनीच्या उड्याही त्याच.

मग जमीन हलवली कोणी? मोठमोठ्या कर्ण्यांनी की माणसांच्या पायांनी? ऑगस्ट २०२३ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात याच गायिकेच्या कार्यक्रमाच्या वेळी शास्त्रज्ञांनी मुद्दाम यंत्रं लावून ठेवली होती. त्या रात्रीच्या ४५ गाण्यांपैकी ४३ गाणी त्यांना नुसत्या जमिनीच्या हालचालीवरून ओळखता आली. आणि त्यांचा निष्कर्ष असा, की ही करामत मुख्यतः नाचणाऱ्या पायांची होती. एका मिनिटात १२० ठोके पडणारं गाणं असेल, तर सेकंदाला दोन उड्या. हजारो माणसं एकदमच उडाली आणि एकदमच खाली आली, की जमीनही सेकंदाला दोनदा हलणार.

सिएटलच्या स्टेडियमची जागा यात भर घालते. तिथे पूर्वी भरती-ओहोटीची चिखलट जमीन होती. तिच्यावर भराव घालून ती वापरात आणली. दगडी फरशीवर उडी मारा आणि कापसाच्या गादीवर मारा, शेजारी ठेवलेला चेंडू कुठे जास्त हलतो? गादीवर! मऊ भरावाचंही तसंच. तो जास्त डुलतो. ही 'जमीन कशी आहे' ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

त्याच जागी, सत्तावीस वर्षं आधी

आज जिथे लुमेन फील्ड आहे, तिथे पूर्वी किंगडोम नावाचं काँक्रीटच्या घुमटाखालचं प्रचंड क्रीडागृह होतं. २ मे १९९६ च्या संध्याकाळी तिथे बेसबॉलचा सामना रंगात आला होता. तेवढ्यात जमीन हलू लागली. या वेळी प्रेक्षकांनी काहीच केलं नव्हतं! सिएटलच्या पूर्वेला डुव्हॉल गावाजवळ भूकंप झाला होता, ताकद सुमारे ५.४. पाचपासून सहाच्या आतल्या भूकंपांना शास्त्रज्ञ 'मध्यम' म्हणतात, तेव्हा हा आपल्या कोड्यातला मध्यम भूकंप. घुमट शाबूत राहिला. तरी तो पुरता तपासल्याखेरीज लोकांना आत बसवून ठेवणं बरं नव्हे, म्हणून सामना थांबवला आणि उरलेला खेळ दुसऱ्या दिवशी खेळवला. पुढे २००० साली किंगडोम सुरुंग लावून पाडलं आणि २००२ मध्ये त्याच जागी नवं स्टेडियम उभं राहिलं.

आता गणित. नाचाचा हादरा २.३ आणि भूकंप ५.४. म्हणजे भूकंप 'दुपटीहून थोडा मोठा', असं कोणी उत्तर दिलं, तर मी लाल शाईने मोठ्ठी फुली मारीन!

चार्ल्स रिश्टर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये भूकंप मोजायची पट्टी तयार केली. आता शास्त्रज्ञ तिच्याहून सुधारलेली पट्टी वापरतात, पण पायऱ्यांची युक्ती तीच आहे. या पायऱ्या आपल्या जिन्यासारख्या सारख्या उंचीच्या नाहीत. एक पायरी चढलात की यंत्रावरची रेघ दहापट उंच जाते आणि भूकंपातून बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. समजा, दोनच्या पायरीवर एक रुपया आहे. तर तीनवर ३२ रुपये, चारवर हजाराच्या वर आणि पाचवर बत्तीस हजारांच्या वर! या हिशेबाने ५.४ च्या भूकंपात २.३ च्या भूकंपापेक्षा सुमारे ४५ हजारपट ऊर्जा असते. शिवाय खरा भूकंप सगळं काही सेकंदांत उरकतो आणि मैलोगणती मुलूख हलवतो. नाचणारे आपले तासन्‌तास दमतात आणि हलवतात ती जवळपासची जमीन. तेव्हा गाण्याच्या कार्यक्रमाने शहर पडेल, ही भीती नको.

पालकहो, इथे एक उलटा प्रश्न विचारते. आकडा मोठा तर नुकसानही मोठं, हे तरी नक्की ना? दोन भूकंप शेजारी ठेवून पाहू.

मोठा आकडा, धाकटा आकडा

पहिला सिएटलचाच. २८ फेब्रुवारी २००१, सकाळचे १० वाजून ५४ मिनिटं. निस्क्वाली नदीच्या परिसरात जमिनीखाली पन्नासहून अधिक किलोमीटर खोलीवर भूकंप झाला. ताकद ६.८. स्टेडियमच्या शेजारच्या जुन्या वस्तीत विटांच्या भिंती ढासळल्या, विमानतळाच्या धावपट्टीला भेगा पडल्या, सुमारे चारशे लोक जखमी झाले. एका व्यक्तीचा हृदयविकाराने मृत्यू झाला.

दुसरा आपल्याकडचा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती पोचवून, दमून माणसं घरात झोपली होती. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीजवळ, फारसा खोल नसलेला भूकंप झाला. ताकद ६.२. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातली गावंच्या गावं जमीनदोस्त झाली. सुमारे दहा हजार माणसं गेली. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, ती पहाट त्यांना आजही आठवत असेल.

पायऱ्यांचं गणित लावलं, तर सिएटलच्या भूकंपाची ऊर्जा किल्लारीच्या सुमारे आठपट होती. मोठ्या आकड्याने एक माणूस गेला, धाकट्या आकड्याने दहा हजार. असं का व्हावं?

कारणं एकाखाली एक लिहू या. सिएटलचा भूकंप खोल होता, म्हणून हादरा वर येईपर्यंत बराच मवाळ झाला. किल्लारीचा उथळ होता. सिएटलला दिवसाची वेळ होती, माणसं जागी होती. किल्लारीला साखरझोपेची. सिएटलमध्ये बरीच घरं लाकडी सांगाड्याची आणि मोठ्या इमारती भूकंपाचा विचार करून बांधलेल्या. किल्लारीत दगडांच्या जाडजूड भिंती, त्या सांधायला चिखल आणि वर मातीचं जड छप्पर. ऊन-थंडीपासून राखणारं ते घर हादऱ्यात मात्र सुटं झालं, कारण दगडाला दगड धरून ठेवणारं काही नव्हतं. आणि एक कारण मनातलं. भूकंपाच्या धोक्याचा त्या वेळचा जो नकाशा होता, त्यात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. मग घरं बांधताना भूकंपाची आठवण कोणाला येणार? २००२ मध्ये नकाशा सुधारला, तेव्हा तो पहिला पट्टाच काढून टाकला.

मग ६.२ हा आकडा खोटा होता का? मुळीच नाही. पण तो भूकंपाच्या एकाच गोष्टीचा आकडा होता. बाकीचे रकाने कोणी भरलेच नव्हते. रकाने कसे भरायचे, हे कोड्यातली तिसरी मंडळी आपल्याला शिकवतील.

जादूगाराचे सहा गुण

सिएटलच्या शेजारी रेन्टन नावाचं गाव आहे. तिथल्या एका कंपनीने १९९७ मध्ये एक जुना खेळ विकत घेतला. त्याचं नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजे तळघरं आणि उडते अग्निमुखी राक्षस. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी मिळून तो १९७४ मध्ये आणला. याला मैदान लागत नाही की पडदा लागत नाही. कागद, पेन्सिल, फासे आणि चार मित्र पुरतात. एक जण गोष्ट सांगतो : "तुम्ही गुहेच्या तोंडाशी आलात. आतून घुरघुर ऐकू येतेय. काय करणार?" बाकीचे प्रत्येकी एकेका पात्राचं सोंग घेऊन उत्तर देतात. आपण भातुकलीत आई-बाबा होतो ना, तसंच. फक्त याला नियमांची जाडजूड पुस्तकं आहेत.

प्रत्येक पात्राचा एक तक्ता असतो. त्यात सहा गुण लिहितात : शक्ती, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि दुसऱ्यावर छाप पाडण्याची हातोटी. मूळ खेळात प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे आणि बेरीज मांडायची. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १८. तीन फासे पडायच्या एकूण २१६ तऱ्हा. त्यांत १८ पडायची तऱ्हा फक्त एक, पण १० पडायच्या तऱ्हा २७ आणि ११ पडायच्याही २७! म्हणून बहुतेक पात्रांचे बहुतेक गुण मधलेच येतात. सगळे अठरा असलेला वीर जवळजवळ कधीच जन्माला येत नाही आणि आला तर खेळात मजाही राहणार नाही.

यातली खरी खुबी पुढेच आहे. त्या सहा आकड्यांची बेरीज करून 'पहिला नंबर, दुसरा नंबर' असं कोणी लावत नाही. प्रसंग बघायचा आणि कोणता गुण लागेल ते ठरवायचं. दगड उचलायचा आहे, तर शक्ती. जुनी लिपी वाचायची आहे, तर बुद्धी. पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवायचं आहे, तर छाप पाडण्याची हातोटी. या खेळात 'भूकंप' नावाचा एक मंत्रसुद्धा आहे! तो टाकला की पायाखालची जमीन हादरते. मग उभं कोण राहतं? अठरा शक्तीचा योद्धा? आजच्या नियमांत तिथे शक्ती विचारतच नाहीत. वीस बाजूंचा फासा टाकून चपळाई तपासतात. चिलखतवाला धिप्पाड योद्धा धाडकन आडवा होऊ शकतो आणि तो कमरेएवढा बुटका तोल सावरून मजेत उभा राहतो.

आता किल्लारीच्या घराकडे पुन्हा बघा. भिंत किती जाड! शक्तीचा आकडा भरपूर. पण भूकंपाने विचारला दुसराच गुण : हललास तर एकसंध राहशील का? तिथे वेळूची झोपडी हसत-डुलत पास होते आणि दगडी वाडा नापास. म्हणून भूकंपानंतर नवी गावं वसवली, तेव्हा घरांच्या भिंतींना काँक्रीटच्या पट्ट्यांनी बांधून घेण्यावर भर दिला. टोपलीच्या काठाला वेळूची कड घट्ट आवळतात, तशीच ही युक्ती. भिंती एकमेकींचा हात धरतात.

पालकांसाठी चार ओळी

मी प्राथमिक शाळेत शिकवते. निकालाच्या दिवशी फाटकाशी कानावर येणारा प्रश्न एकच : "किती टक्के?" गंमत बघा, मराठीत मार्कांनाही आपण 'गुण' म्हणतो आणि स्वभावातल्या चांगल्या गोष्टींनाही 'गुण'च म्हणतो. पण विचारताना पहिलेच विचारतो.

टक्के बिनकामाचे, असं मी म्हणणार नाही. भूकंपाचा आकडा कळणंही फार महत्त्वाचं आहे. त्याच्यामुळे मदत किती पाठवायची, कुठे पाठवायची, याचा अंदाज येतो. पण ज्या मुलीला भागाकार चुकला, तीच मुलगी रडणाऱ्या नव्या मुलाला मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातली पोळी देऊन गप्प करते. या गुणाला रकाना कुठे आहे? जो मुलगा सगळ्यात शेवटी वाचायला शिकला, तो वर्गात साप निघाल्यावर न ओरडता सगळ्यांना बाहेर काढू शकतो. त्याचा फासा कोणी टाकून पाहिला? एकाच आकड्यावर विसंबून एखादं घर 'भक्कम' ठरवलं, की ते पडतं तेव्हा आपण चकित होतो. एकाच आकड्यावरून एखादं मूल 'कच्चं' ठरवलं, तर? ते मूल तो शिक्का खरा मानून बसतं, हे त्याहून वाईट.

आणि मुलांनो, हे तुमच्यासाठीही आहे बरं का. "मी चित्रात हुशार आहे, मग गणित कशाला?" असं म्हणायची ही पळवाट नाही! खेळातलं पात्रही फाशांवर समाधान मानून बसत नाही. मोहिमा करत करत ते शिकतं आणि त्याचे गुण वाढतात.

या रविवारी करून पाहा

एक कोरा कागद घ्या. वर लिहा : 'आमचं घर'. खाली सहा रकाने आखा : जमीन, भिंती, छप्पर, बांधणी, बाहेर पडायची वाट आणि आतलं सामान. आई-बाबांबरोबर घरभर फिरा आणि प्रत्येक रकान्यात काय दिसलं ते लिहा. जमीन खडकाळ आहे की भरावाची? भिंतींना पट्ट्यांनी किंवा खांबांनी बांधलंय का? कपाट भिंतीला पक्कं केलंय की ढकललं तर हलतं? पलंगाच्या वर जड फोटो किंवा सामानाची फळी आहे का? जिन्यात सायकली आणि खोकी रचली आहेत का? भिंती आणि बांधणी बदलायला जाणकार लागतील, पण फळीवरची पितळी घागर खाली ठेवायला तुम्ही पुरे आहात.

तक्त्याच्या पाठीवर ही तीन कामं मोठ्या अक्षरांत लिहा. हादरा बसू लागला तर : एक, खाली बसा. दोन, भक्कम टेबलाखाली शिरा आणि डोकं-मान हातांनी झाका. तीन, टेबलाचा पाय हलणं थांबेपर्यंत घट्ट धरा. खिडक्यांपासून, उंच कपाटांपासून दूर राहा. घर दगडमातीचं असेल आणि दार अगदी हाताशी असेल, तर चटकन मोकळ्या जागी जा. हलणं थांबलं की जिन्याने बाहेर पडा, लिफ्टने नाही.

मग दुसरा कागद घ्या. त्यावर लिहा : 'मी'. सहा रकाने इथेही आखा, पण रकान्यांची नावं तुमची तुम्ही ठरवा. आणि हो, एक कागद आई-बाबांनाही द्या. त्यांना त्यांचे रकाने भरताना बघा. किती वेळ पेन्सिल चावतात, ते मोजायला विसरू नका!